आग्नेयेकडे तोंड करून ऐकायचा रेडिओ

मागच्या विकांताला चौलला अप्पांकडे गेलो होतो. अप्पा म्हणजे आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. वय ऐंशीच्या पुढे, निवृत्त शाळामास्तर, आणि घरामागे नारळी-पोफळीची वाडी. (होती, असं म्हणायला हवं. त्याबद्दल पुढे.) माळ्यावरून जुना पंखा काढून दे म्हणाले म्हणून चढलो, तर पंख्याच्या मागे पोत्यात गुंडाळलेला एक डबा सापडला. काळपट रंगाचा, टेबलावर ठेवायच्या घड्याळासारखा, आणि वायरने जोडलेली शाळेच्या पाटीएवढी एक चपटी अँटेना.

"अप्पा, हा वर्ल्डस्पेस ना?"

"हो रे. ठेव तिथेच. भंगारवाल्याला द्यायचा नाहीये."

माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना वर्ल्डस्पेस हे नाव ऐकूनही माहीत नसेल. मलाही आठवतं ते मे महिन्याच्या सुट्टीतलं. हा डबा तेव्हा खिडकीत असायचा आणि 'त्याला हात लावू नका, अँटेना हलेल' हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं. हा होता सॅटेलाइट रेडिओ. वर्षाची वर्गणी भरायची, की थेट उपग्रहावरून चाळीसेक चॅनेल्स. जाहिराती जवळपास नाहीतच. रहमानने त्यांची धून केली होती, त्यांच्या जाहिरातीतही तोच होता. ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली.

त्या रात्री ओटीवर बसून एक प्रश्न डोक्यात घोळत राहिला. पैसे भरून ऐकायच्या त्या रेडिओवर खरंच पुरेशी विविधता होती का? की पन्नास चॅनेल्स म्हणजे नुसतीच पन्नास बटणं? प्रश्न जुना वाटेल, पण मी स्वतः आत्ता दोन म्युझिक ॲप्सचे पैसे भरतो आणि ऑफिसला जाताना तीच चाळीस गाणी ऐकतो. तेव्हा प्रश्न तसा ताजाच आहे.

तर मंडळी, जरा मागे जाऊ.

पहिली गोष्ट, रेडिओसाठी पैसे भरणं हे काही वर्ल्डस्पेसने आणलेलं खूळ नव्हे. आपल्याकडे रेडिओला परवाना लागायचा. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे, पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. हातातल्या ट्रान्झिस्टरलासुद्धा परवाना! १९८० च्या दशकात ही भानगड संपली. अप्पांनी ते पुस्तक अजून जपून ठेवलंय (अप्पा सगळंच ठेवतात). म्हणजे आपले आजी-आजोबा वर्गणीदारच होते, फक्त चॅनेल निवडायची सोय नव्हती. निवड दिल्लीत व्हायची.

आणि ती निवड करणारा माणूस काही वर्षं मराठी होता. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. सिनेसंगीतामुळे लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आधी कमी केली गेली, मग निर्मात्यांशी वाद पेटला आणि काही काळ ती जवळजवळ गायबच झाली. त्याऐवजी शास्त्रीय संगीत. १९५२ मध्येच संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. डिसेंबर १९५२ मध्ये तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली, अमीन सायानींच्या आवाजात, दर बुधवारी रात्री आठला. सरकारला शहाणपण यायला पाच वर्षं लागली. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती आली.

केसकरांची टिंगल करणं सोपं आहे, आणि मीही आजवर तेच करत होतो. 'जनतेने धडा शिकवला' वगैरे. पण अप्पा म्हणाले, "बुधवारी सिलोन ऐकायचो हे खरं. पण बाकीचे सहा दिवस? आमच्या घरात कुणी गाणारं नव्हतं. कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर हे लोक मला भेटले ते त्या रेडिओवरच. मैफलीला मुंबईला जायला पैसे होते कुणाकडे? बोटीचं तिकीट काढायचं, रात्री राहायचं कुठे?"

आणि पुणे केंद्राचं गीतरामायण विसरून चालणार नाही. केंद्र १९५३ चं, आणि १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला गीतरामायण सुरू. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, आठवड्याला एक गाणं, वर्षभरात ५६. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे गायक. हे कुणी मागितलं नव्हतं. कुठल्याही सर्व्हेत 'तुम्हाला दर आठवड्याला रामायणावरचं नवीन गाणं ऐकायला आवडेल का' असा प्रश्न नव्हता. कुणीतरी ठरवलं आणि केलं.

याच १९५२ साली, केसकर दिल्लीत गाणी कापत असताना आणि सायानी कोलंबोसाठी टेप भरत असताना, अमेरिकेत पीटर स्टायनर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने रेडिओ कार्यक्रमांवर एक शोधनिबंध छापला. त्यातली कल्पना इतकी साधी आहे की दोन मिनिटांत सांगता येते.

समजा एका शहरात हजार श्रोते आहेत. त्यातल्या ९०० जणांना सिनेमाची गाणी हवीत, ६० जणांना भावगीतं, ४० जणांना शास्त्रीय. आता तीन स्टेशन्स आहेत आणि तिघांचे मालक वेगळे. पहिला सिनेमाची गाणी लावतो. दुसराही तीच लावतो, कारण निम्मे मिळाले तरी साडेचारशे. तिसरा विचार करतो, भावगीतं लावली तर ६०, सिनेमा लावला तर ३००. काय करेल? तीन स्टेशन्स, एकच गाणं. शंभर जण उपाशी. आता हीच तीन स्टेशन्स एकाच मालकाची असती तर? त्याला स्वतःशीच स्पर्धा करण्यात काडीचा फायदा नाही. तो एकावर सिनेमा लावेल, दुसऱ्यावर भावगीतं, तिसऱ्यावर शास्त्रीय, आणि हजारच्या हजार खिशात घालेल.

म्हणजे मक्तेदारी आली तर विविधता वाढू शकते! कॉलेजात असताना कुणी हे सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. पण मुंबईच्या एफएमचा इतिहास बघा.

२००२ मध्ये मुंबईत खासगी एफएम स्टेशन्स एकामागून एक सुरू झाली. लायसन्स फी लिलावातून ठरलेली. मुंबईसाठी वर्षाला ९.७५ कोटी रुपये, वर दरवर्षी १५ टक्के वाढ. शिवाय एका कंपनीला एका शहरात एकच स्टेशन, असा नियम. मक्तेदारी नको म्हणून केलेला. हेतू चांगलाच होता. पण हे म्हणजे स्टायनरचं उदाहरण सरकारी राजपत्रात छापल्यासारखं झालं. एवढी फी भरणारा माणूस ४० जणांसाठी जयजयवंती लावेल का? इंग्रजी गाण्यांचा एखादा प्रयोग झाला, बाकी सगळ्यांनी त्याच आठवड्यातले तेच सिनेमे वाजवले. पुढे दुसऱ्या टप्प्यात वार्षिक फीऐवजी उत्पन्नाच्या ४ टक्के असा हिशोब आला, तेव्हा दम लागणं कमी झालं. पण एका शहरात एकच स्टेशन हा नियम राहिला. तो सैल झाला २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात.

आणि मराठी? मुंबईच्या खासगी एफएमवर कित्येक वर्षं मराठी गाणं ऐकू येणं म्हणजे लॉटरी लागण्यासारखं होतं. संगीतकार कौशल इनामदार यांनी जाहीरपणे सांगितलंय, की मराठी गाणी लावली तर स्टेशन 'डाउनमार्केट' वाटेल असं त्यांना एका एफएमवाल्यांकडून ऐकावं लागलं, आणि सुरेश भटांच्या कवितेवरचं मराठी अभिमानगीत करायची ठिणगी तिथे पडली. शेकडो गायकांना घेऊन केलेलं ते गाणं २७ फेब्रुवारी २०१० ला ठाण्यात प्रकाशित झालं. वर्ल्डस्पेस बंद झाल्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

असो. आता डब्याकडे.

वर्ल्डस्पेसची सुरुवात १९९० ची. मूळ इथिओपियाचे नोआ समारा यांनी ती काढली. आफ्रिकेत एड्सची माहिती लोकांपर्यंत पोचवायची तर रेडिओच हवा, आणि तिथे टॉवर उभारत बसण्यापेक्षा आकाशातूनच का नको, हा त्यांचा विचार. १९९८ मध्ये आफ्रिस्टार वर गेला, मार्च २००० मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून एशियास्टार. तो १०५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर स्थिर. भारतातलं ऑफिस बंगळूरला.

इथे इंजिनिअरला राहवत नाही, म्हणून थोडा हिशोब. (कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा, मी रागावणार नाही.)

एशियास्टारला तीन बीम होते. प्रत्येक बीममध्ये दोन प्रवाह, प्रत्येक प्रवाहात १६ केबीपीएसचे ९६ तुकडे. म्हणजे एका बीमला १९२ तुकडे, सगळे मिळून साधारण ३ एमबीपीएस. हो, तीनच! आज एखादा व्हिडिओ कॉल तेवढं खातो. आता हे तुकडे कसे वाटायचे हा निर्णय माणसाने घ्यायचा. नुसत्या बोलण्याला एक तुकडा पुरतो, आवाज फोनवरच्यासारखा. गाण्याला बऱ्यापैकी न्याय द्यायचा तर चार तुकडे, म्हणजे ६४ केबीपीएस. असे केले तर ४८ चॅनेल्स बसतात. सीडीच्या जवळ जायचं तर आठ तुकडे, मग चॅनेल्स २४. म्हणजे विविधता आणि तानपुऱ्याचा नाद यांच्यात थेट मारामारी. एक चॅनेल वाढवलं की बाकीच्यांच्या तोंडचे तुकडे काढावे लागणार. 'भरपूर चॅनेल्स' ही जाहिरातीतली ओळ आपण सहज वाचतो, पण त्यामागे कुणीतरी तुकडे मोजत बसलेलं असतं.

आणि त्या मोजलेल्या तुकड्यांतून त्यांनी काय दिलं? जुन्या हिंदी गाण्यांचं फरिश्ता, नव्यांचं झंकार. हिंदुस्थानी शास्त्रीयला गंधर्व, कर्नाटकला श्रुती. तमिळ, मल्याळम, तेलुगू, कन्नड, पंजाबी यांची आपापली. मोक्ष नावाचं ध्यानाबिनाचं. पाश्चात्त्य अभिजात संगीताला माइस्त्रो, जॅझला रिफ. अप्पांच्या घरात लागायची ती दोनच, गंधर्व आणि फरिश्ता. त्यामुळे बाकीच्यांबद्दल मी मत देणार नाही.

पण चोवीस तास हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत! याचं मोल कळायला पुन्हा स्टायनरच्या शहरात जाऊ. तिथले ४० जण एफएमच्या टॉवरला परवडत नाहीत, कारण टॉवरचा पल्ला पन्नास-साठ किलोमीटर. पण उपग्रहाच्या एका बीममध्ये भारत आणि आसपासचे देश येतात. चौलमधला एक, धारवाडचे पाच, इंदूरचे दहा, कोलकात्याचे पन्नास असे विखुरलेले लोक एकत्र मोजता येतात. ज्यांची आपल्या गल्लीत गणतीच होत नव्हती ते अचानक एक श्रोतृवर्ग झाले. त्यात सगळी चॅनेल्स चालवणारी कंपनी एकच, आणि पैसा जाहिरातीतून नव्हे, वर्गणीतून. जाहिरातवाल्याला कान मोजायचे असतात. वर्गणीवाल्याला फक्त एवढंच बघायचं असतं, की हा माणूस पुढच्या वर्षी पैसे भरेल का. आणि अप्पांसारखा माणूस ते गंधर्व एका चॅनेलसाठी भरत होता, बाकीची चॅनेल्स त्याने कधी उघडलीही नव्हती.

तेव्हा माझं उत्तर असं, की विविधता होती. पुरेशी होती. निदान त्या काळात भारतात दुसरीकडे कुठे नव्हती इतकी होती.

मग बुडाली का?

एक कारण मला चौलच्या खिडकीतच दिसतं. उपग्रह १०५ अंशावर, चौल ७३ च्या जवळपास. आकडेमोड केली तर अँटेना आग्नेयेकडे, किंचित पूर्वेला झुकवून, क्षितिजापासून साधारण ४८ अंश वर धरावी लागते. आता चौलचं घर डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला समुद्र, सगळं मोकळं. उत्तरेकडून मुंबईचं एफएम येतं, तेही ओटीवर, माजघरात नाही. आणि आग्नेयेला? वाडी. चाळीस-पन्नास फुटी पोफळी आणि त्यांच्याही वर माडांचे शेंडे. या वारंवारतेच्या लहरींना वाटेत पानाचा अडथळाही चालत नाही. वारा सुटला, झावळी हलली, की मारवा तुटला. अप्पांनी खिडकी बदलली, मग अँटेना मागच्या पडवीत नेली, मग बांबूवर चढवली. आत्याआजी म्हणायची, "गाणं कमी आणि कवायत जास्त."

(याउलट आकाशवाणीचं मीडियम वेव्ह बघा. खाऱ्या पाण्यावरून त्या लहरी जमिनीपेक्षा फार कमी झिजून जातात. मालाडच्या ट्रान्समीटरवरून निघालेलं मुंबई केंद्र समुद्रावरून सरपटत थेट कोळ्यांच्या होडीत शिरतं. शंभर वर्षं जुनं तंत्र, पण किनाऱ्याला चपखल.)

शहरात हाच त्रास माडांऐवजी इमारतींचा. अमेरिकेत यावर उपाय होता. तिथल्या एक्सएम आणि सिरियस या कंपन्यांनी शहरांत जमिनीवर रिपीटर बसवले, त्यामुळे सॅटेलाइट रेडिओ गाडीत चालायचा. आणि रेडिओचं गिऱ्हाईक गाडीतच तर असतं. भारतात वर्ल्डस्पेसला ते जमलं नाही. ट्रायने २००५ मध्ये सॅटेलाइट रेडिओबद्दल शिफारशी केल्या, पण रिपीटरचं घोडं पुढे सरकलं नाही. त्यामुळे हा रेडिओ खिडकीत अडकला. रिसीव्हर विकत घ्यायचा, वर वर्षाला दोन हजारांच्या आतबाहेर वर्गणी, आणि ऐकायचं फक्त खिडकीजवळ बसून! ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी ठीक, पण ट्रॅफिकमध्ये दोन तास काढणाऱ्याला काय उपयोग?

आणि आकडे. २००५ मध्ये कंपनी अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरली, भारतावर जोर दिला, तरी २००७ च्या अखेरीला वर्गणीदार पावणेदोन लाखांच्या घरात, त्यातले बहुसंख्य भारतातले. दोन उपग्रह आकाशात ठेवायचा खर्च त्यातून निघणं शक्यच नव्हतं. ऑक्टोबर २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, आणि वर्षभराने कारभार आटोपला. विखुरलेले श्रोते एकत्र मोजता आले हे खरं, पण बेरीज करूनही ते कमीच भरले. किंवा असं म्हणू, की भरले असतील, पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या आग्नेयेला माड होता.

दुसऱ्या टोकाची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर स्टायनरला डोक्यावर घेतल्यासारखं होईल. अमेरिकेत जुलै २००८ मध्ये सिरियस आणि एक्सएम एकत्र झाल्या. स्टायनरच्या हिशोबाने मालक एक झाला, आता विविधता वाढायला हवी. नोव्हेंबरमध्ये त्यांनी दोन्हीकडची 'सारखी' चॅनेल्स एकत्र केली, आणि जुने वर्गणीदार भडकले. त्यांचं म्हणणं, आमचं चॅनेल आणि त्यांचं चॅनेल सारखं नव्हतंच! नाव एक, प्रकार एक, पण गाणी निवडणारा माणूस वेगळा होता. एक जण खोल जायचा, दुसरा तीच ठरलेली हिट गाणी फिरवायचा.

मला इथे केसकर-स्टायनर सगळ्यांच्या हिशोबातली एक गोची दिसते. आपण विविधता मोजतो ती लेबलं मोजून. जॅझ एक, शास्त्रीय एक, जुनी हिंदी एक. पण ऐकणाऱ्याला कळतं ते त्या लेबलाच्या आत काय आहे ते. 'जुनी हिंदी गाणी' या नावाखाली तीच दोनशे गाणी वर्षभर फिरवता येतात, आणि त्याच नावाखाली कुणी ज्ञान दत्त, सज्जाद हुसेन यांच्यापर्यंतही पोचू शकतो. बाहेरून बघणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाला दोन्ही एकच दिसतात.

मी रात्री हे सगळं अप्पांना ऐकवत होतो. त्यांना तुकड्यांच्या हिशोबात रस नव्हता. (स्टायनरचं मात्र आवडलं. "म्हणजे एकाच गल्लीत तीन वडेवाले," म्हणाले.) मग मी शहाणपणा केला. म्हटलं, अप्पा, आता तो डबा हवाय कशाला? माझ्या फोनवर सगळं आहे. बोला काय लावू.

"रामकली आहे?"

"आहे की. कोणाची हवी?"

"ते मला काय माहीत? लागली की कळेल."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण सर्चच्या चौकटीत 'लागली की कळेल' टाइप करता येत नाही. मी नुसतं रामकली टाकलं, तर पहिल्या पाच-सहा नावांत जे गायक आले ते अप्पांना आणि मलाही आधीच ठाऊक असलेले. मग ॲपने आपलं डोकं चालवलं. मी एरवी काय ऐकतो ते त्याला माहीत, त्यामुळे तिसऱ्या गाण्याला ते कोक स्टुडिओवर घसरलं. अप्पा हसले. मी फोन उलटा ठेवला.

तसं बघितलं तर माझ्या फोनवर वर्ल्डस्पेसच्या हजारपट संगीत आहे. ३ एमबीपीएसची टंचाई नाही, माड आडवा येत नाही. स्टायनरची सगळी गणितं निकालात निघाली, कारण स्टेशनच उरलं नाही, प्रत्येक श्रोता स्वतःच एक स्टेशन. पण अप्पांना केसकरांच्या रेडिओने मन्सूर भेटवले, ते न मागता. गंधर्व लावून ते वाडीत शिंपण करत, तेव्हाही पुढे काय येणार ते त्यांना माहीत नसे. ते त्यांच्या आधी माहीत असलेल्या कुणातरी दुसऱ्या माणसाने निवडलेलं असे. वर्गणी ते त्या माणसासाठी भरत होते, असं आता मला वाटतं. वर्षाला दोन हजारांत असा माणूस काही महाग नाही.

म्हणूनच बहुधा २०१७ मध्ये सारेगामाने कारवां काढला तेव्हा तो धडाधड खपला. पाच हजार गाणी आत भरलेला डबा, ना इंटरनेट, ना सर्च. आपल्यासारख्यांनी नाकं मुरडली, की फोनवर कोट्यवधी गाणी असताना पाच हजारांसाठी एवढे पैसे? पण आई-वडिलांना दिवाळीला दिला आणि त्यांनी लावला. मराठी कारवांही आला. आमच्याकडे आहे. त्याची खोट एवढीच, की पाच हजार म्हणजे पाच हजारच. त्यातला माणूस एकदाच निवड करून निघून गेलेला आहे.

वाडीचं सांगायचं राहिलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला याच किनाऱ्यावर धडकलं. मुरूड-श्रीवर्धनपर्यंत बागाच्या बागा झोपल्या. अप्पांच्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या, माडही निम्मे गेले. पोफळ लावली की उत्पन्न यायला सात-आठ वर्षं जातात, त्यामुळे या वयात ते पुन्हा उभं करणं म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक. वीज कित्येक दिवस नव्हती, मोबाइलचे टॉवर बंद. त्या दिवसांत घरात एकच गोष्ट बोलत होती, सेलवरचा जुना ट्रान्झिस्टर, मुंबई केंद्र.

आता मागच्या पडवीतून आग्नेयेला बघितलं तर पार डोंगरापर्यंत मोकळं आकाश आहे. ४८ अंशांवर एकही झावळी नाही.

"आता छान लागला असता," अप्पा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, नुसतं निरीक्षण.

रविवारी सकाळी निघण्याआधी मी एक काम केलं. आकाशवाणीने २६ जानेवारी २०१६ ला रागम नावाचं चोवीस तासांचं शास्त्रीय संगीताचं चॅनेल सुरू केलंय, हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही, आणि ते त्यांच्या ॲपवर फुकट ऐकता येतं. म्हणजे केसकरांच्याच घरातून फिरून आलेला गंधर्व म्हणा ना. आकाशवाणीच्या कपाटांत सत्तर वर्षांची रेकॉर्डिंग्ज पडून आहेत, तेव्हा माल कमी पडायचं कारण नाही. मी माझा जुना फोन अप्पांना दिला, एक छोटा ब्लूटूथ स्पीकर जोडला, रागम लावलं आणि बाकीची सगळी ॲप्स पडद्यावरून काढून टाकली.

"आता पुढचं कसं लावायचं?" अप्पांनी विचारलं.

"लावायचं नाही. आपोआप येतं."

"मग ठीक."

जेवताना कुणीतरी सारंग गात होतं. वृंदावनी की शुद्ध यावर अप्पा आणि मी वाद घालत होतो, आवाज कुणाचा तेही ओळखता येईना. आता निवेदिका नाव सांगेल म्हणून दोघंही घास हातात धरून थांबलो, तेवढ्यात नेटवर्क गेलं.